आधी काय, नंतर काय: कोलायटिस असलेल्या भावाचा रेक्टमचा कॅन्सर

माझ्या धाकट्या भावाला अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला सारखी सूज येत राहण्याचा आजार, कॉलेजात असतानाच झाला, त्यामुळे रक्त पडणं, आव पडणं, सारखं संडासला पळणं या गोष्टींनी आमच्या घरात कुणाच्या काळजात धस्स वगैरे होत नसे. फ्लेअर आला, म्हणजे आजार उसळला, की स्टेरॉईडचा कोर्स, मग हळूहळू डोस उतरवायचा, मग काही महिने बरे जायचे. अशा माणसाला रेक्टमचा, म्हणजे गुदाशयाचा कॅन्सर झाला तर तो ओळखायचा कसा, हा पहिलाच पेच. बाकीच्यांना ज्या लक्षणांवरून शंका येते ती सगळी ह्यांच्या रोजच्या जगण्यातलीच असतात. रक्त आहेच, घाई लागणं आहेच, पोट साफ न झाल्यासारखं वाटणं तर कायमचंच.

त्याचा कॅन्सर ठरलेल्या तपासणीत सापडला, आणि तेव्हा त्याला अगदी छान वाटत होतं. हे मी मुद्दाम लिहितेय. लक्षणं सुरू होऊन साधारण ८ वर्षं झाली की देखरेखीची कोलोनोस्कोपी सुरू करायची असते, मग धोका किती आहे त्यावरून १ ते ५ वर्षांनी परत परत, आणि सोबत पित्तनलिकांचा पीएससी नावाचा आजार असेल तर ८ वर्षं थांबायचंच नाही, निदान झाल्यापासून दर वर्षी. बरं वाटतंय तर कशाला ती नळी, असं कुणालाही वाटणारच, पण फ्लेअर चालू असताना आत सगळंच लालभडक असतं, त्यात नको ती जागा उठून दिसत नाही, म्हणून ही तपासणी शक्यतो बरं असतानाच करतात.

रिपोर्टासोबत फोटो होते. एका फोटोत गुलाबी आतडं, त्यात मला काहीच दिसलं नाही. पुढच्या फोटोत त्याच जागेवर निळा डाय फवारला होता, तो रंग बारीक बारीक रेघांमध्ये उतरून साचला होता आणि मधोमध एक जागा किंचित वर आलेली, कडा वेड्यावाकड्या, तिथे रंग नीट बसलाच नव्हता. तेवढंच. तिथली बायोप्सी घेतली, ती एका पॅथॉलॉजिस्टने बघितली, मग स्लाइड दुसऱ्या, आतड्यांच्याच तज्ज्ञाकडे पाठवली. सुजलेल्या आतड्यातल्या पेशी सुजेनेही विचित्र दिसू शकतात, त्यामुळे दोन जणांचं मत घेणं ही अशा केसमध्ये नेहमीची पद्धत आहे, त्यात लपवाछपवी काही नसते. ते मधले दिवस मात्र खूप वाईट जातात, ते जातातच.

कोलायटिसमध्ये कॅन्सर होऊ शकतो हे काही नवीन नाही. ज्यांच्या नावाने क्रोन्स डिसीज, म्हणजे आतड्याच्या सुजेचा कोलायटिससारखाच दुसरा आजार, ओळखला जातो त्या बरिल क्रोन यांनी एका सहकाऱ्यासोबत १९२५ मध्येच कोलायटिसच्या पेशंटमधल्या कॅन्सरची नोंद केली होती. २००१ च्या एका मोठ्या एकत्रित अभ्यासात ३० वर्षं आजार असलेल्यांमध्ये हा धोका १८ टक्क्यांपर्यंत सांगितला होता. नंतरच्या अभ्यासांत तो बराच कमी दिसतो, त्यामुळे तो जुना आकडा वाचून कुणी हातपाय गाळू नयेत. आजार किती वर्षांचा, आतड्याचा किती भाग सुजलेला, सूज किती जोराची, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर होता का, आणि पीएससी आहे का, यावर सगळं अवलंबून असतं.

नेहमीचा आतड्याचा कॅन्सर बहुतेक वेळा एका पॉलिपपासून, म्हणजे अस्तरावर उगवलेल्या छोट्या कोंभापासून, सुरू होतो. इथे तसं नसतं. वर्षानुवर्षं सूज येऊन आणि भरून येऊन अख्ख्या अस्तरातच बदल होत जातात, पी५३ नावाचं जे जीन नेहमीच्या कॅन्सरमध्ये उशिरा बिघडतं ते इथे फार लवकर बिघडतं, आणि तेही एकाच जागी असेल असं नाही. भिंतीत ओल मुरलेली असली की एका ठिकाणचा पोपडा काढून भागत नाही, तसं. म्हणून इतरांच्या बाबतीत रेक्टमचा आजारी भाग आणि भोवतीची चरबी काढून वरचं आतडं खाली जोडतात, पण कोलायटिसवाल्याला सर्जन बहुतेक वेळा अख्खं मोठं आतडं आणि रेक्टम, दोन्ही काढायचं सुचवतात. गाठ मोसंबीएवढी असो नाहीतर शेंगदाण्याएवढी.

हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा भाऊ एवढंच म्हणाला, "ताई, गाठ खाली आहे ना, मग वरचं का काढतायत?" हाच प्रश्न त्याने पुढे सर्जनलाही विचारला आणि त्यांनी न चिडता सगळं परत समजावलं. (ऑपरेशननंतरच्या पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये वरच्या भागात, जिथे कोलोनोस्कोपीत काही दिसलं नव्हतं, तिथे आणखी एक डिस्प्लेसियाची, म्हणजे कॅन्सरच्या वाटेवर बिघडलेल्या पेशींची, जागा निघाली.)

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. रेक्टमच्या कॅन्सरची ट्रीटमेंट आता बऱ्यापैकी ठरून गेलेली आहे. एमआरआय करून गाठ कुठवर गेलीय ते बघायचं, छाती-पोटाचा सीटी, रक्तात सीईए (कॅन्सरवर लक्ष ठेवायला करतात ती रक्ताची तपासणी), मग गरज असेल तर आधी रेडिएशन आणि केमो, मग ऑपरेशन. ऑपरेशनची पद्धत म्हणजे रेक्टम भोवतीच्या चरबीच्या पाकिटासकट अखंड बाहेर काढायचं, ज्यावर इंग्लंडच्या बिल हील्ड यांनी १९८२ मध्ये लिहिलं आणि त्यानंतर त्याच जागी कॅन्सर परत येण्याचं प्रमाण खूप खाली आलं. एवढं सगळं ठरलेलं असताना आम्हाला वाटलं की आपणही त्या रांगेत उभं राहायचं. पण आयबीडी (कोलायटिस आणि क्रोन्ससारखे आतड्याच्या सुजेचे आजार) असलेल्या माणसाच्या बाबतीत यातली प्रत्येक पायरी पुढची कुठलीतरी शक्यता संपवून टाकते, आणि ते आधी कळलं नाही तर मग कळून उपयोग नसतो. काय काय करायचं यापेक्षा आधी काय आणि नंतर काय, हा खरा प्रश्न आहे.

सगळ्यात मोठी गोष्ट रेडिएशनची. कोलायटिसमध्ये मोठं आतडं काढलं की लहान आतड्याच्या शेवटच्या भागाची पिशवी शिवून ती गुदद्वाराला जोडता येते, त्याला पाउच म्हणतात. लंडनच्या सेंट मार्क्समध्ये पार्क्स आणि निकोल्स यांनी १९७८ मध्ये ही पद्धत मांडली, तेव्हापासून कितीतरी लोक पोटावर शौचाची पिशवी न लावता जगतायत. भावाच्या मनात वर्षानुवर्षं हेच होतं, कधी आतडं काढायची वेळ आलीच तर आपण पाउच करून घेऊ. आता, पाउच बनवला आणि नंतर पॅथॉलॉजी रिपोर्ट वाईट आला म्हणून त्या पाउचवरच रेडिएशन द्यावं लागलं, तर पाउचची वाट लागते, कारण लहान आतड्याला रेडिएशन मानवत नाही. ते कडक होतं, आकसतं, दिवसातून किती वेळा जावं लागेल याला धरबंध राहत नाही आणि बऱ्याच जणांना शेवटी पाउच काढून टाकावा लागतो. आणि रेडिएशन आधी दिलं तर कॅन्सरच्या दृष्टीने ते बरोबर, पण मग जिथे पाउच बसवायचा ती जागा आणि खालचे स्नायू आधीच भाजून निघालेले असतात, पाउच करता येतो पण नीट चालेल याची खात्री कमी होते. म्हणजे रेडिएशन लागणार की नाही हे पहिल्याच दिवशी, कात्री लावायच्या आधी, जमेल तेवढं पक्कं करावं लागतं.

आणि ते पक्कं करायचं एमआरआयवरून, तर तिथे परत कोलायटिस आडवा येतो. सुजेमुळे आसपासच्या लिम्फ नोड्स फुगलेल्या असतात, त्या कॅन्सरने फुगल्यात की सुजेने हे फोटोवरून सांगणं अवघड असतं. त्यामुळे असा एमआरआय वाचणाऱ्याला पेशंटला कोलायटिस आहे हे माहीत असायला हवं, नाहीतर स्टेज उगाच वरची लिहिली जाऊ शकते आणि ज्याला रेडिएशनची गरज नव्हती त्याला ते मिळतं. आमच्याकडे पहिल्या रिक्वेस्ट फॉर्मवर कोलायटिसचा उल्लेखच नव्हता. गॅस्ट्रोच्या डॉक्टरांनी तो रिपोर्ट बघितला आणि तेच फोटो परत वाचून घ्या म्हणाल्या. मग त्यांच्याच आग्रहाने केस ट्युमर बोर्डात गेली, सर्जन, रेडिएशनवाले, केमोवाले, रेडिओलॉजिस्ट आणि गॅस्ट्रो एकत्र बसले. हे आधी का नाही झालं याचा मला अजून राग आहे. दोन आजार एकाच शरीरात आहेत, तर त्या दोघांच्या डॉक्टरांनी एकमेकांशी बोलणं ही पेशंटच्या नातेवाईकाने मागून घ्यायची गोष्ट असू नये.

गाठ रेक्टमच्या खालच्या-मधल्या भागात होती, भिंत ओलांडून चरबीत शिरलेली, आणि तिची एक कडा ऑपरेशनमध्ये कापायच्या रेषेच्या जास्तच जवळ येत होती. रेडिएशन आधी द्यायचं यावर एकमत झालं. सर्जनने एमआरआयच्या लिफाफ्यावर पेनने चित्र काढलं, दोन पर्याय, एक पाउचचा आणि एक कायमच्या स्टोमाचा (म्हणजे आतड्याचं टोक पोटातून बाहेर काढून तिथे पिशवी लावायची), आणि म्हणाले, "पाउच मी करून देऊ शकतो, पण रेडिएशन घेतलेल्या जागी तो कसा वागेल ते मी तुला लिहून देऊ शकत नाही." भाऊ तो लिफाफा घरी घेऊन आला. बरेच दिवस तो टेबलावर पडून होता, त्यावर कुणी काही ठेवत नसे. मग एके रात्री तो म्हणाला की मला आयुष्यात एकदा तरी संडास कुठे आहे हे न शोधता घराबाहेर पडायचंय, मी स्टोमाच घेतो. मला तेव्हा रडू आलं, त्याला नाही आलं.

इथे क्रोन्सवाल्यांसाठी थोडं वेगळं सांगायला हवं. क्रोन्समध्ये पाउच बहुतेक टाळतात, कारण आजार लहान आतड्यातही येऊ शकतो. आणि ज्यांना वर्षानुवर्षं भगेंद्र आहे, म्हणजे फिस्टुला, त्यांच्यात कॅन्सर कधीकधी त्या फिस्टुलाच्या मार्गातच होतो, बाहेरून नेहमीसारखाच पू आणि दुखणं, एमआरआयमध्येही फरक चटकन कळत नाही. जुना फिस्टुला अचानक जास्त दुखायला लागला, कडक झाला, जेलीसारखा स्राव यायला लागला तर भूल देऊन नीट तपासून तिथली बायोप्सी घ्यावी लागते. तसंच पूर्वी मोठं आतडं काढलं असेल पण रेक्टमचा तुकडा आत तसाच बंद करून ठेवला असेल, तर त्या तुकड्यावरही लक्ष ठेवायचं असतं. तिथून काही जात नाही म्हणून लोक त्याला विसरून जातात.

रेडिएशन. एक काळ असा होता की आयबीडी आहे म्हटलं की डॉक्टर रेडिएशन द्यायलाच कचरायचे, जुन्या पद्धतीच्या रेडिएशनमध्ये अशा पेशंटना फार त्रास झाल्याचे रिपोर्ट होते. आता आयएमआरटी नावाच्या नव्या पद्धतीमुळे किरणांचा आकार गाठीभोवती बसवता येतो, लहान आतडं बरंचसं वाचवता येतं, पेशंटला लघवी भरलेली ठेवून झोपवतात म्हणजे मूत्राशय फुगून आतड्याला वर ढकलतं. नेहमीचा लांब कोर्स म्हणजे २५ ते २८ बैठका, एकूण ४५ ते ५०.४ ग्रे (ग्रे हे रेडिएशनच्या डोसाचं माप), सोबत कॅपेसिटाबिन या केमोच्या गोळ्या. छोटा कोर्स ५ दिवसांचा, एकूण २५ ग्रे, पण त्यात दर वेळचा डोस मोठा असतो. आमच्या रेडिएशनच्या डॉक्टरांनी लांब कोर्स निवडला, त्यांना दर वेळी कमी डोस हवा होता. पण त्याआधी त्यांनी एकच अट घातली, कोलायटिस शांत पाहिजे. नेमकी तेव्हाच सूज वर येत होती. ॲझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध बंद केलं, केमोबरोबर ते पांढऱ्या पेशी अजून खाली आणतं. स्टेरॉईड जास्त दिवस चालू ठेवायचं नव्हतं, पुढे ऑपरेशन होतं आणि स्टेरॉईडवर जखम भरत नाही. म्हणून वेडोलिझुमॅब सुरू केलं, ते मुख्यतः आतड्यापुरतंच काम करतं, बाकी शरीराची प्रतिकारशक्ती फारशी दाबत नाही. सगळ्यांना हेच देतात असं नाही.

मग जुलाब. कॅपेसिटाबिनने जुलाब होतात, रेडिएशनने होतात, कोलायटिसने होतात, आणि दवाखान्यात ये-जा करणाऱ्याला सी डिफिसिल या जंतूच्या इन्फेक्शननेही होतात. चारही कारणांची ट्रीटमेंट वेगळी, काही ठिकाणी तर एकमेकांच्या विरुद्ध. इन्फेक्शन असताना लोपेरामाइड हे जुलाब थांबवायचं औषध दाबून घेतलं तर नुकसान होऊ शकतं, फ्लेअर असताना नुसती केमो थांबवून बसलं तर ना आजार कमी होतो ना कॅन्सरची ट्रीटमेंट पुढे जाते. म्हणून जुलाब वाढले की आधी शौचाची तपासणी, मग गरज असेल तर छोट्या दुर्बिणीने खालचा भाग बघणं. मी एका वहीत वेळा, रक्त आहे का, रात्री उठावं लागलं का, असं लिहून ठेवायचे. फ्लेअरचे जुलाब त्याला रात्री झोपेतून उठवायचे, केमोचे बहुतेक दिवसाच असायचे, हे त्या वहीवरूनच गॅस्ट्रोच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं. प्रत्येकाचं असंच असेल असं नाही, पण लिहून ठेवलेलं कामाला येतं.

या काळात मी रात्र रात्र वाचत बसायचे. ब्राझीलच्या अँजेलिटा हाब्र-गामा यांनी २००४ मध्ये दाखवून दिलं की रेडिएशन-केमोने गाठ पूर्ण विरघळली तर काही जणांचं ऑपरेशन न करता नुसतं लक्ष ठेवता येतं. आता ती पद्धत बऱ्याच ठिकाणी वापरतात. २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी डोस्टार्लिमॅब नावाच्या इम्युनोथेरपीने १२ च्या १२ पेशंटची गाठ ऑपरेशनशिवाय गायब झाल्याचं दाखवलं, ज्यांच्या गाठीत डीएनए दुरुस्तीची यंत्रणा बिघडलेली होती असे पेशंट. हे वाचून मी मध्यरात्री भावाला मेसेज टाकले. सकाळी गॅस्ट्रोच्या डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की त्याच्या बायोप्सीत ती यंत्रणा ठीक आहे, त्यामुळे ते औषध तसंही लागू नाही, आणि बिघडलेली असती तरी ही इम्युनोथेरपी धडधाकट माणसाच्या आतड्यालाही सूज आणू शकते, कोलायटिसवाल्याला फार जपून द्यावी लागते. आणि नुसतं लक्ष ठेवायचं म्हटलं तर, गाठ गेली तरी अस्तर तेच राहणार, आणि सुजेत बारीक बदल ओळखणार कसे.

मला सगळ्यात जास्त खुपतं ते हे की रेक्टमच्या कॅन्सरवरच्या अनेक मोठ्या ट्रायल्समध्ये आयबीडीचे, निदान आजार ॲक्टिव्ह असलेले पेशंट घेतच नाहीत. कारण कळतं, सगळा हिशोब गुंतागुंतीचा होतो. पण मग ज्यांना सगळ्यात जास्त खात्रीची गरज आहे त्यांच्यासाठी डॉक्टरांकडे छोट्या छोट्या केस सिरीज आणि स्वतःचा अनुभव एवढंच उरतं. हे पेशंट सहसा वयानेही लहान असतात, त्यांना त्या निर्णयासोबत पुढे कितीतरी वर्षं काढायची असतात.

वयावरून आठवलं, एक गोष्ट फार लोक बोलत नाहीत. ओटीपोटाच्या रेडिएशनने बायकांची अंडाशयं काम करायची थांबतात, पुरुषांच्या शुक्राणूंवर परिणाम होतो, आणि रेक्टमच्या ऑपरेशनमध्ये लघवी आणि लैंगिक संबंधांसाठी लागणाऱ्या नसा अगदी खेटून जातात. स्पर्म किंवा स्त्रीबीजं गोठवून ठेवायची असतील तर ते रेडिएशनच्या आधी. इथेही क्रमच. मी मोठी बहीण, माझ्याच्याने हा विषय निघेना, आणि तोही माझ्यासमोर बोलेना. शेवटी रेडिएशन विभागातल्या सिस्टरनी मला बाहेर बसवलं आणि त्याच्याशी त्या एकट्या बोलल्या. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "झालं ताई, सांगितलं त्यांना, उद्या जायचंय." त्या बाईंचे मी आयुष्यभर उपकार मानेन.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी स्टोमाच्या नर्सने मार्करने पोटावर जागा आखली. त्याला उभं केलं, बसवलं, वाकायला लावलं, पँट नेहमी कुठे बांधतो ते विचारलं, पोटाची घडी कुठे पडते ते बघितलं, मग ठिपका काढला, पुसला आणि थोडा वर परत काढला. दोन बोटांच्या फरकाने पिशवी गळते की नाही हे ठरतं. लहान आतड्याचं टोक उलटं दुमडून थोडं बाहेर ठेवायची पद्धत ब्रायन ब्रुक यांनी १९५२ मध्ये मांडली, तोपर्यंत आतड्यातून येणाऱ्या जळजळीत पाण्याने लोकांची कातडी सोलून निघायची.

नंतरचं थोडक्यात. खालची जखम भरायला वेळ लागला, रेडिएशन घेतलेल्या जागी लागतोच. क्रोन्सवाल्यांना तर पुष्कळदा मांडीचा किंवा पोटाचा स्नायू आणून ती जागा भरावी लागते. कॅन्सर, आयबीडी आणि ओटीपोटाचं ऑपरेशन तिन्ही मिळून रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढवतात, म्हणून घरी आल्यावरही साधारण ४ आठवडे रक्त पातळ ठेवणाऱ्या हेपरिनची इंजेक्शनं. सुरुवातीला स्टोमातून दिवसाला दीड लिटरच्या वर जायला लागलं, आणि आम्ही त्याला भरपूर साधं पाणी पाजत होतो, त्याने उलट वाढत गेलं, कारण अशा वेळी मीठ-साखरेचं प्रमाण असलेलं ओआरएस लागतं, नुसतं पाणी मीठ घेऊन बाहेर पडतं. ओआरएस आणि लोपेरामाइडने ते आटोक्यात आलं.

अल्सरेटिव्ह कोलायटिस मोठ्या आतड्याचाच आजार, ते आतडंच नाही म्हटल्यावर वेडोलिझुमॅब, मेसालामाइन, सगळं बंद झालं. आता दर काही महिन्यांनी सीईए आणि ठरलेल्या वेळी सीटी. जुन्या आजारातली एकच तपासणी राहिलीय, लिव्हरची, कारण पीएससी आतडं काढल्यावरही होऊ शकतो. कोलोनोस्कोपी मात्र संपली, आणि आदल्या रात्री ते पोट साफ करायचं औषध आता परत कधीच प्यायचं नाही हे डॉक्टरांनी सांगितल्यावर त्याला इतका आनंद झाला की मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये असताना त्याने फक्त एवढंच सांगायला दोनदा फोन केला.